वरचा झिरा

वैशाख लागला की माझ्या दुकानात जळालेल्या मोटारींची रांग लागते. विहिरी तळाला गेलेल्या असतात, मोटार कोरडीच फिरत राहते आणि एक दिवस धूर काढून बसते. मग तिला मोटारसायकलला बांधून शेतकरी हिंगोलीला येतो, माझ्यापुढे ठेवतो आणि ती मीच जाळल्यासारखा माझ्याकडे बघत उभा राहतो. मला त्याचं काही वाटत नाही. उन्हाळ्यात माणसाला कुणावर तरी रागवावंच लागतं, आणि मी आयता सापडतो.

परवा अशाच एकानं मोटारीबरोबर पाइपाच्या टोकाचा फुटवॉल्व्हही आणला होता. तो सोडवून फरशीवर आपटला, तर आतून मूठभर ओली वाळू पडली. बाहेर ऊन मी म्हणत होतं, दुकानाचा पत्रा तडतडत होता, आणि त्या मूठभर वाळूतून गार वास आला. पाणी अजून दिसत नसतं पण हाताच्या अंतरावर असतं, तेव्हा वाळूला जो वास येतो, तो. हातातला पाना हातातच राहिला. गिऱ्हाईक घाबरून म्हणालं, "काय झालं? लई बिघडली का?" मी म्हटलं, काही नाही, वाळू आहे नुसती.

त्याच संध्याकाळी माझ्या मुलीनं, तनूनं, शाळेतून एक पत्रक आणलं. उन्हाळी शिबिर, निसर्गात राहायला शिका. खाली सोबत आणायच्या वस्तूंची यादी: विजेरी, शिट्टी, दहा मीटर दोरी, होकायंत्र, आगपेटी, पाण्याची मोठी बाटली. तनू सातवीत आहे, तिला अशा याद्या मोठ्यानं वाचायला आवडतात. ऐकायला गया आत्या होती. गया आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. माझी आई लवकर गेली, वडील मजुरीला फिरत असायचे, म्हणून मला हिनंच वाढवलं. आता गुडघे धरलेत, त्यामुळे उन्हाचे दोन महिने आम्ही तिला गावाहून आमच्याकडे आणतो. ती डोळे मिटून यादी ऐकत होती. शेवटच्या वस्तूला तिनं डोळे उघडले.

"पाणी बी घरूनच न्यायचं?" ती म्हणाली. "मंग तिथं जाऊन शिकायचं काय?"

तनू खो खो हसली. मी पण हसलो. पण दुपारची वाळू आणि संध्याकाळचा हा प्रश्न असे एका दिवसात आले, आणि तो उन्हाळा पुन्हा समोर येऊन बसला.

तेव्हा मी पुण्यात पाण्याच्या मोटारींच्या एका कारखान्यात फिटर होतो. लॉकडाऊन लागला, कारखाना बंद पडला, खोलीत आम्ही तिघं. बायको शीला, तनू पहिलीतली, आणि मी. महिनाभर खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत बघितली. मग मिळेल त्या गाडीनं निघालो. औंढ्यापर्यंत एका टेम्पोत कांद्याच्या पोत्यांवर बसून आलो, तिथून पुढं डोंगराच्या कडेकडेनं पायी. औंढ्याच्या देवळाबाहेरची दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंही नाही. तनू थोडं चालायची, थोडं माझ्या खांद्यावर बसायची आणि मधूनमधून विचारायची, आत्याआजीच्या शेळ्या चावतात का.

गावाच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या टाकून रस्ता बंद केलेला होता. काट्यांच्या पलीकडं किसनकाका उभे होते. आमच्या बांधाला बांध लागून त्यांचं शेत, चांगला माणूस, गावानं नेमलेल्या समितीत होते. हातात नेहमीची काठी, खाली लोखंडी टोप असलेली. ती जमिनीवर टेकून ते म्हणाले, "मिलिंदा, लेकराला घेऊन चालत आला रे बापा. पण गावात न्हाई येता येणार. चौदा दिस ओढ्यापल्याड, तुमच्या आत्याच्या वावरात राहा. म्हाताऱ्या माणसांचं गाव हाय."

खोटं काहीच बोलत नव्हते. तरी मी काट्यांआडून स्वतःचं गाव बघत राहिलो. आमच्या वस्तीतल्या विहाराचा निळा झेंडा तिथून दिसत होता. विहारापासून आमचं घर शंभर पावलांवर. त्या वर्षीची जयंती लोकांनी घरातल्या घरात केली होती आणि दारांवरची तोरणं अजून तशीच होती.

ओढ्यापल्याड आत्याचं दीड एकर. विहीर नाही, झोपडी नाही, बांधावर चार पळस आणि एक कडुलिंब. आम्ही पोचलो तेव्हा ओढ्याच्या गावाकडच्या काठावर, करंजाखालच्या काळ्या खडकावर आत्या बसलेली होती. मधे ओढ्याचं कोरडं पात्र, पांढऱ्या वाळूचं, पन्नासेक पावलांचं. मला बघून ती उठली, दोन पावलं उतरली आणि थांबली. पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडते आहे. पण तिनं तोंड झाकून घेतलं होतं, नियमाप्रमाणे. मग पदराआडूनच ओरडली:

"बसून काहून राहिला रे? ऊन उतरायच्या आत खोप झाली पाह्यजे!"

तर अशी आमची शिकवणी सुरू झाली. गुरू ओढ्याच्या त्या काठावर, चेले या काठावर, आणि मधून नुसता आवाज. आत्याचा आवाज असा की शेळ्या दोन टेकड्या ओलांडून परत येतात. मी पस्तिशीचा माणूस, यंत्राचं मोजमाप करणारा, आणि मला चार मेढी सरळ रोवता येत नव्हत्या. खोपीचं तोंड मी पश्चिमेला ठेवलं, तिकडून झुळूक येत होती म्हणून. खडकावरून आवाज आला, "उचल! वैशाखाचं वावधान तिकडूनच येतं. छप्पर डोक्यावर घेऊन बसशील." तोंड उगवतीला फिरवलं. छपराला तुराट्या, त्यावर पळसाच्या पाल्याच्या फांद्या. बांधायला दोरी नाही म्हणालो तर ती हसली. पळसाची मुळी कशी उकरायची, दगडानं कशी ठेचायची, तिचा वाख कसा सुटा करायचा, हे सगळं तिनं हवेत हात हलवून दाखवलं. लांबून पाहणाऱ्याला वाटलं असतं की बाई एकटीच नाचते आहे.

शीला परभणी शहरात वाढलेली. तिनं आयुष्यात चूल पेटवली नव्हती. पण विस्तव तिला माझ्या आधी वश झाला. पहिल्या दोन दिवसांत मी आगपेटी जवळजवळ संपवली. आत्या म्हणाली, "काडी येकदाच वढायची. मंग विस्तव मरू द्यायचा न्हाई." रात्री झोपताना पेटती गोवरी राखेत पुरून ठेवायची, सकाळी राख सारली की आत लाल डोळा उघडा असतो. शीलानं ते एकदा ऐकलं आणि त्यानंतर शेवटच्या दिवसापर्यंत आमच्या चुलीतला विस्तव विझला नाही. आजही गॅस पेटवताना लायटर दोनदा खटखटला की ती म्हणते, तिकडं बरं होतं.

पळसाला तेव्हा कोवळी पानं आलेली होती, वीतभर रुंद, मऊ. फुलांचा बहर संपून गेला होता, पण एखाददुसरं वाळकं फूल खोपीत वाऱ्यानं यायचं. त्या पानांत कणकेचे गोळे थापायचे, वरून दुसरं पान, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात सोडून द्यायचे. पानगे. पान जळून जातं आणि त्याच्या शिरांची नक्षी पानग्यावर उमटते. पीठ-मीठ, मिरच्या, कधी चार कैऱ्या आत्या ओढ्याच्या मधोमध एका दगडावर ठेवायची, मागं सरायची, मग मी जाऊन उचलायचो. तनूला ती नक्षी खायच्या आधी बोटानं गिरवायची असायची. पुण्यात जेवताना जिच्यामागं ताट घेऊन फिरावं लागायचं, ती मुलगी इथं निखाऱ्यापुढं पालथी पडून वाट बघत बसायची.

आणि राख. खोपीभोवती राखेचा पट्टा ओढायला आत्यानं सांगितलं. मला वाटलं साप येऊ नये म्हणून. तर म्हणे, "साप काय राखेला भेत असतो का? कोण येऊन गेलं ते सकाळी दिसतं. म्हायती असलं की भेव निम्मं होतं." तनूची ती सकाळची शाळाच झाली. उठली की आधी राखेपाशी. मुंगूस, तितर, एकदा घोरपडीचं शेपूट ओढल्याची रेघ. ती या काठावरून वर्णन करायची, आत्या त्या काठावरून नाव सांगायची. बोटं किती, नखं दिसतात का, चालताना थांबलं का पळत गेलं. सहा-सात वर्षांची पोर नुसत्या उठलेल्या खुणेवरून सांगायला लागली की अमुक इथं घाबरलं होतं.

पण या सगळ्याच्या आधी पाणी.

गावातून रोज एक कॅन येईल असं ठरलं होतं. पहिल्या दिवशी आला. दुसऱ्या दिवशी आणणाऱ्यानं तो इतक्या लांब ठेवला आणि इतक्या घाईनं पळाला की कॅन कलंडला आणि अर्धं पाणी वाळूनं प्यायलं. मला त्याचा राग आला नाही. तो भ्यालेला होता. पण शीला त्या ओल्या डागाकडं बराच वेळ बघत राहिली. तिसऱ्या दिवशी कॅन आलाच नाही. दुपारी तनूचे ओठ सुकले. मी पात्रात उतरून ओरडलो, "आत्या, किसनकाकाला सांग ना, पाणी पाठवा म्हणून."

आत्या खडकाच्या कडेला येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "सांगीन. पण तू पान्यासाठी त्या वाटंकडं डोळं लावून बसू नको. पायाखाली हाय ते काढ."

मी फावडं घेतलं आणि पात्रात सगळ्यात खोल जागा बघून खणायला लागलो. कोपरापर्यंत हात गेला, खाली चिखल, त्याखाली कोरडा मुरूम. दुसरीकडं खणलं, तीच गत. आत्या खडकावर बसून शेंगा सोलत बघत होती. मला दमवायचंच होतं तिला. शेवटी म्हणाली, "उद्या दिस उगवायच्या आत ये. चपला काढून ये. फावडं नको."

तोपर्यंतचं पाणी तिनं स्वतः डोक्यावरून आणून मधल्या दगडावर ठेवलं.

पहाटे मी अनवाणी पात्रात उतरलो. आत्या तिकडं होतीच. "चाल," म्हणाली. "हळू. पायाला इचारत चाल." वाळू रात्रभर निवलेली असते, सगळीकडं गारच लागते. पण चालता चालता एका जागी गारव्याचा पोत बदलला. आधीचा गारवा वरवरचा होता, हा खालून येत होता. मी थांबलो. तिथं पात्रात खाली एक खडक आडवा गेलेला होता, त्याची पाठ जरा वर दिसत होती. त्या खडकाच्या वरच्या अंगाला, जिथं पाणी खालीखाली वाहत येऊन अडणार, तिथं माझे पाय होते. एव्हाना उजाडलं होतं, आणि वाळूवर दोन पिवळ्या गांधीलमाश्या बसलेल्या. "माश्या दिसल्या का?" आत्या ओरडली. "त्या काय हवा खायला न्हाई बसल्या तिथं. खण आता. हातानं."

तोंड रुंद ठेवून, कडा उतरत्या ठेवून मी हातानं वाळू काढत गेलो. दोन वीत, तीन वीत. मग बोटांना ओल लागली, मग कपारीतून पाझर, आणि थोड्या वेळानं तळाला बशीभर पाणी. याला आमच्याकडं झिरा म्हणतात. मी ओरडलो. आयुष्यभर पाण्याच्या मोटारी खोलत आलो, पण पाणी येताना असं कधी पाहिलं नव्हतं. आत्या म्हणाली, "नाचू नको. तीनदा उपसून टाक. मंग कडंनं दगडं लाव. मंग लेकराला उकळून दे."

आणि थोड्या वेळानं: "खाली दुसरा खण. आडव्या खडकाच्या खाली. ढोराला, पाखराला, कुत्र्याला. वरच्यात कुनी तोंड घालू नये."

दुसरा झिरा खणला तेव्हा खडकावरचा आवाज एकदम खाली आला. संध्याकाळ झाली होती, वारा पडला होता, म्हणून हळू बोललेलं ऐकू येत होतं.

"माझ्या मायच्या टायमाला," आत्या म्हणाली, "वरचा झिरा गावाचा. अन् खालचा, ढोराचा, तो आपला."

मी ओल्या हातांनी तसाच बसलो. मला हे ठाऊक नव्हतं. म्हणजे असं काही असायचं हे ठाऊक होतं, पुस्तकात वाचलं होतं, भाषणात ऐकलं होतं. पण या ओढ्यात, या वाळूत, माझ्या आजीनं जनावरांच्या झिऱ्यावर घागर भरली होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या लहानपणी वस्तीत नळ आला होता. आत्या सांगत होती की तिची आई मग उजाडायच्या आत पोरीला घेऊन ओढ्यात यायची आणि अनवाणी चालत, कुणाला माहीत नसलेली एखादी जागा पायानं हुडकायची. असा स्वतःचा झिरा काढायची. गावाच्याही वरच्या अंगाला. दोन घागरी भरायची, वर पळसाची पानं टाकून झाकायची आणि यायची. दुपारपर्यंत गावातल्या कुणाला तरी तो सापडायचाच, आणि मग गाव त्याच्यावर पाणी भरायचं. माय दुसऱ्या दिवशी नवा काढायची.

"मंग ती बुजवून काहून नव्हती येत?" मी विचारलं. "सापडलाच नसता."

"पान्याला बुजवतेत का?" आत्या म्हणाली. तिला माझा प्रश्नच कळला नव्हता.

मला ती संध्याकाळ इतकी स्पष्ट आठवते. लांब औंढ्याच्या डोंगरावर उजेड होता, खाली पात्रात सावली. तांबट पक्ष्याची दिवसभराची टुकटुक नुकतीच थांबलेली. खालच्या झिऱ्यावर एक होला येऊन पाणी प्यायला. मला राग आला होता, पण तो कुणावर काढावा ते समजेना. ज्यांच्यावर काढायचा ते कधीच मातीला मिळाले होते, आणि त्यांची नातवंडं मला कॅन पाठवायचं विसरत होती एवढंच. शिवाय हातात पाणी होतं, आणि ते आजीच्याच विद्येनं आलं होतं. रागात आणि अभिमानात इतकं कमी अंतर असतं हे मला तेव्हा कळलं.

आत्या मात्र नियम मोडणारी नव्हती. कुणी म्हणेल, पोराला लांब ठेवल्याचा हिला राग असेल. अजिबात नाही. एकदा तनू मला चुकवून वाळूतून तिच्याकडं धावत सुटली. आत्या उठली आणि लेकरू जेवढं पुढं आलं तेवढी मागं गेली. मागं मागं जात करंजाच्या पलीकडं गेली. तनू मधोमध उभी राहून रडायला लागली. मी तिला उचलून आणलं. मागं वळून पाहिलं, तर आत्या आमच्याकडं पाठ करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. मग तशीच पाठमोरी ओरडली, "आज घोरपड आली व्हती का गं?" तनू हुंदके देत म्हणाली, "नाही. तितर."

दिवस असे गेले. चौदावा संपला, पंधराव्याच्या सकाळी आरोग्य केंद्राच्या आशाताई येऊन ताप बघून गेल्या, सगळं ठीक म्हणाल्या. आता गावात यायला हरकत नाही.

मी त्या सकाळी फार खुशीत होतो आणि खुशीतच चूक केली. भाड्याच्या खोल्या बदलत पुण्यात माझी बारा वर्षं गेली. खोली सोडताना घरमालकाला बोट दाखवायला जागा राहू नये, ही सवय हाडात मुरलेली. मी खोप उतरवली, तुराट्या बांधाला रचल्या. चुलीचे तीन दगड तीन दिशांना टाकून दिले. राख पसरली. आणि ओढ्यात जाऊन दोन्ही झिरे बुजवले. वरून पळसाच्या फांदीनं वाळू सारखी केली. इथं कुणी राहिलं होतं अशी खूणही उरली नाही. शीला म्हणाली, "झिरा कशाला बुजवला?" मी म्हटलं, "लोकांना भीती वाटायला नको. आजाऱ्यांचं पाणी म्हणतील." ते बोलताना मला मी फार समजूतदार वाटत होतो.

मग त्या काठावर माणसं दिसली. किसनकाका काठी टेकत, आणखी दोन-तीन जण. त्यांच्या पुढं आत्या. धुतलेलं लुगडं नेसलेली, हातात पितळी तांब्या. ती खडकावरून उतरली, आणि पंधरा दिवसांत पहिल्यांदा न थांबता पात्रात चालत आली. तनू तिला जाऊन बिलगली. आत्यानं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "चल. तुझ्या झिऱ्याचं पानी पाज. गावापुढं पिते."

माझी नजर सारख्या केलेल्या वाळूकडं गेली.

तिनं पात्रात नजर फिरवली. आडवा खडक तिला सापडला, त्याच्या वरची सपाट वाळूही दिसली. "झिरा कुठाय?"

"बुजवला."

"काहून?"

"कुणाला भीती वाटू नये म्हणून."

आत्यानं तांब्या खाली ठेवला. ती मला कधी मारत नसे, लहानपणीही. पण त्या क्षणी मला वाटलं की आता मारेल. तिचा आवाज उलट अगदी लहान झाला.

"भेव त्यांचं, अन् बुजवलास तू?" ती म्हणाली. "लांब राह्यला सांगितलं व्हतं तुला. लाजायला कुनी सांगितलं?" आणि मग, "माझ्या मायला साऱ्या गावानं खालचं पानी पाजलं. तिनं येक दिस बी झिरा बुजवला न्हाई. अन् तू, शिकलेला."

मला फार लाज वाटली. ज्या लाजेपायी मी वाळू सारखी केली होती तिचीच लाज वाटली.

आत्या खाली बसली. गुडघे तेव्हाही दुखत होतेच. एक हात टेकून बसली आणि वाळू उपसायला लागली. मी तिच्यासमोर बसलो. आम्ही दोघं मिळून खणत होतो. कडेची वाळू सारखी आत येत होती, ती काढता काढता आतल्या ओल्या वाळूत तिचा हात माझ्या हाताला लागला. खरखरीत, गार. पंधरा दिवसांत तिनं मला शिवलेलं ते पहिल्यांदा. तिनं माझी बोटं एकदा घट्ट दाबली आणि परत वाळू काढायला लागली. माझे डोळे भरून आले, ते पुसायला हात कोरडे नव्हते.

पाणी आलं. तीनदा उपसलं. चौथ्यांदा निवळ आलं तसं तिनं तांब्या बाजूला सारला आणि मला म्हणाली, "वंजळीनं पाज." मी ओंजळ भरली. ती माझ्या ओंजळीला तोंड लावून प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि तोंड पुसून काठावरच्या माणसांकडं बघितलं. किसनकाकांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

आम्ही वर पळसाची पानं टाकली, पानांवर दगड ठेवले. चुलीचे दगड मी शोधून आणून परत जागेवर मांडले, शेजारी वाळलेल्या काटक्यांची मोळी ठेवली. येणाऱ्याला लागते, आत्या म्हणाली. कोण येणार होतं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तनू मला ओढत ओढ्यात घेऊन गेली. तिला सवय झाली होती, उठलं की खुणा बघायच्या. वरच्या झिऱ्यापाशी ती वाकली आणि म्हणाली, "बाबा, इथं माणूस येऊन गेला." पानं जागेवर होती, पण दगड वेगळ्या रीतीनं ठेवलेले. कडेच्या ओल्या वाळूत गुडघे टेकल्याचे दोन खळगे. एका मोठ्या हाताचा पंजा. आणि पंज्याशेजारी एक गोल, खोल भोक, कुणीतरी उठताना काठीवर भार दिलेला. लोखंडी टोपाची कडा वाळूत स्वच्छ उमटली होती.

"घाबरला होता का?" मी विचारलं.

तनूनं नीट बघितलं. "नाही," ती म्हणाली. "खूप वेळ बसला होता."

मी परत पुण्याला गेलो नाही. त्याचं कारण लोकांनी विचारलं की मी दुकानाचं सांगतो, आत्याच्या वयाचं सांगतो. तीही कारणं खरीच आहेत.

काल रविवार होता. पत्रकावरची यादी झाली, आता आत्याची यादी करू, असं तनूच म्हणाली, म्हणून आम्ही चौघं पहाटेच गावाकडं गेलो. शिबिराला ती जाणारच आहे, शिट्टी आणि दोरी घेऊन. तिथं मैत्रिणी आहेत. आत्याला आता पात्रात उतरता येत नाही. तिला करंजाखालच्या त्याच काळ्या खडकावर बसवलं. तनूनं चपला काढल्या आणि वाळूत हळूहळू चालायला लागली. वाळू दर पावसाळ्यात हलते, पण आडवा खडक जागेवरच आहे. आत्या वरून ओरडत होती, "अजून वर. अजून येक पाऊल." आवाज तेवढा राहिला नाही, पण पोचतो. तनू वैतागून म्हणाली, "आत्याआजी, मला कळतंय," आणि कळलंही तिला. तिनं वरचा झिरा काढला, मग खालचा, होल्यासाठी. शीलानं विस्तव केला, पानगे झाले. उन्हं तापायच्या आत निघालो.

आत्याला मी पाठुंगळी घेतलं. ती आता फार हलकी झाली आहे. बांध चढताना तिनं माझ्या खांद्यावरून मागं वळून विचारलं, "झाकला का गं?"

"झाकला," तनू म्हणाली. "पानं टाकली, दगड ठेवले."

"चुलीची दगडं?"

"तशीच आहेत. काटक्या पण ठेवल्या."

थोडं अंतर गेलो. आत्याचा श्वास माझ्या कानाशी होता.

"अन् बुजवला तर न्हाई ना?"

तनू हसली. तिला वाटलं, प्रश्न तिलाच आहे.

"न्हाई आत्या," मी म्हणालो. "न्हाई बुजवला."